बिनगवताच्या विटा

१९९१, २००२, २०१३ आणि २०२४. या चारही वर्षी ईस्टरचा रविवार नेमका ३१ मार्चला आला. आमच्या वसईत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात राहिली असेल तर ती बँकवाल्यांच्या आणि त्यांच्या बायकांच्या. देवळात पुनरुत्थानाच्या घंटा वाजत होत्या तेव्हा आम्ही शाखेत वर्षअखेर करत होतो. १९९१ला मी क्लार्क होतो. लेजरांचं बॅलन्सिंग हातानं चालायचं, आणि सतरा रुपयांचा फरक शोधता शोधता पहाट झाली. २०२४ला मी निवृत्त होऊन घरी होतो. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांनी रविवार असला तरी ३१ मार्चला उघडं राहावं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला आणि माझी पुतणी सकाळची मिस्सा आटोपून तशीच स्टेशनकडे पळाली. फार पूर्वी बँकांचं हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. १९८९पासून ते ३१ मार्चला संपू लागलं. आमचे एक हेड कॅशियर म्हणायचे, ‘नाताळ सुटला, पण ईस्टर सापडला.’

हे पुस्तक त्या सापडलेल्या माणसांचं आहे.

निवृत्तीनंतर आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी माझ्या गळ्यात एक काम घातलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी नोकरदार मंडळींशी गप्पा मारायच्या. विषय त्यांनी मला न विचारताच फलकावर लावून टाकला होता: ‘कामाचा ताण आणि ख्रिस्ती सचोटी’. मला वाटलं, पाचसहा जण येतील, मी दानीएलाची आणि सिंहांची गोष्ट सांगेन, चहा होईल. आले एकतीस. दोनतीन सभांतच सिंह मागे पडले आणि माणसं एकमेकांना आपापल्या कामातलं सांगू लागली. जे ऐकलं त्यानं, उभ्या आयुष्यात पक्कं झालेलं माझं एक मत मोडीत निघालं.

त्यात एक परिचारिका होती. रात्रपाळी, वॉर्डात अडतीस रुग्ण, सिस्टर दोघी. दर चार तासांनी प्रत्येकाचा रक्तदाब घेऊन चार्टवर लिहायचा. पहाटे चारच्या फेरीला तिचा पट्टा बाविसाव्या खाटेपर्यंत पोचायचा. पुढच्या सोळा चार्टवर ती आकडे नुसतेच लिहून टाकायची. सगळीकडे १२०/८० लिहिलं तर मेट्रनला संशय येतो, म्हणून कुठे ११८/७८, कुठे १२४/८२. ‘सोळा आकडे बनवायलाही डोकं लागतं, अंकल,’ ती म्हणाली, ‘तेवढ्यात चार जणांचं बीपी घेऊन झालं असतं.’ तिच्यामागून एक शिक्षक बोलला, तो पोषण आहाराच्या रजिस्टरात गैरहजर मुलांनाही जेवू घालायचा, कारण आकडे जुळले नाहीत की खुलासा लिहायला आणखी एक संध्याकाळ जाते. एक अभियंता साइटवर न जाता ‘पाहणी केली’ म्हणून सही करायचा. आयटीतला एक मुलगा टाइमशीटमध्ये आठाचे दहा तास दाखवायचा. गंमत म्हणजे तो प्रत्यक्षात बारा तास काम करत होता, पण ते ज्या कामावर दाखवायचे ते काम वेगळं होतं.

लबाडीचं मूळ लोभात असतं, हे आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आणि मीही ते पुढे शिकवलं. त्या हॉलमध्ये लोभी माणूस मला फारसा दिसला नाही. दिसली ती दमलेली आणि घाबरलेली माणसं. यांतल्या कुणालाही त्या खोट्या आकड्यातून एक रुपया मिळत नव्हता. मिळत होती ती फक्त अर्ध्या तासाची झोप, नाहीतर बोलणी खाण्यातून सुटका. तेव्हापासून मी सचोटी आणि समतोल हे दोन वेगळे विषय मानणं सोडून दिलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत त्यांची दोन स्वतंत्र प्रकरणं असतात. एक नीतिमत्तेचं आणि एक प्राणायाम, व्यायाम, छंद वगैरेंचं. बायबलात ती एकाच पानावर येतात, आणि तीही वारंवार. हे मला साठी उलटल्यावर दिसलं याची थोडी लाज वाटते.

माझी कबुली इथेच देऊन टाकतो, म्हणजे वाचकाला ती पुढे शोधत बसावं लागणार नाही. मार्च २००८. मी एका शाखेचा व्यवस्थापक. त्या वर्षी ईस्टर २३ मार्चला, म्हणजे फारच लवकर होता. सलग तीन रविवार मी शाखेत काढले होते. रोज संध्याकाळी साडेपाचला वरच्या कार्यालयातून फोन यायचा: ठेवी किती, वसुली किती, विमा किती? विम्याच्या तीन पॉलिसी कमी पडत होत्या. झावळ्यांच्या रविवारनंतरच्या मंगळवारी एक मावशी आल्या. पहाटेच्या गाडीनं दादरला भाजी नेणाऱ्या, माझ्या आईच्या ओळखीच्या. साठ हजारांची मुदत ठेव संपली होती, ती त्यांना पुन्हा ठेवायची होती. मी म्हटलं, ‘मावशी, याहून चांगलं एक आहे, तीन वर्षांत पैसे वाढतात.’ शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी होती ती. पैसे कमीही होऊ शकतात आणि दरवर्षी तेवढाच हप्ता भरावा लागतो, या दोन गोष्टी मी सांगितल्या नाहीत. फॉर्मवर पेन्सिलीनं जिथे जिथे फुली केली होती तिथे त्यांनी अक्षर जुळवत जुळवत सही केली. पाच सह्या. संध्याकाळी फोनवर मी ‘दोन राहिल्या’ असं सांगितलं आणि घरी जाऊन झोपलो. झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या फेब्रुवारीत मावशी हप्त्याची नोटीस दुधाच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आल्या. मधल्या काळात बाजार कोसळला होता. नोटीस मी त्यांना वाचून दाखवली, आणि मग वर्षापूर्वी काय सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेलो, तेव्हा फादरांनी प्रार्थना नेमून द्यायच्या आधी विचारलं, ‘मग त्या पैशांचं काय?’ तो प्रश्न त्यांनी आधी विचारला याचं मला आजही बरं वाटतं. मी वरिष्ठांना लेखी कळवलं. मला समज मिळाली, एक बढती हुकली. पॉलिसीला तीन वर्षांचं कुलूप होतं. २०११ला जे निघालं त्यात कमी पडलेले पैसे मी घातले. येरीहोचा जक्कय चौपट देतो म्हणाला होता. मी एकपट दिलं, व्याज धरून.

पुस्तकाचं नाव बायबलातल्या निर्गमाच्या पाचव्या अध्यायावरून घेतलं आहे. मोशे आणि अहरोन फारोकडे गेले ते स्वातंत्र्य मागायला, अशी आपली समजूत असते. नीट वाचलं तर त्या दिवशीचा तो सुट्टीचा अर्ज आहे. तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन आमच्या देवाचा सण करू द्या, एवढीच मागणी. फारोचं उत्तर कुठल्याही आढावा बैठकीत खपून जाईल: यांना काम कमी पडतंय म्हणून सण सुचतात, ही माणसं आळशी आहेत. त्या दिवसापासून विटांसाठी गवत देणं बंद. गवत आपलं आपण शोधून आणायचं, विटांचा आकडा मात्र पहिलाच. माणसं वाढवून द्यायची नाहीत, मुदत वाढवायची नाही आणि टार्गेटला हात लावायचा नाही, हे तंत्र फारोनं शोधलं असं म्हणायला हरकत नाही.

मला त्या अध्यायात सर्वांत जवळचे वाटतात ते मधले लोक. मिसरी मुकादमांच्या हाताखाली इस्राएलांतलेच काही नायक नेमले होते. विटा कमी भरल्या की फटके या नायकांना. ते फारोपुढे जाऊन गाऱ्हाणं घालतात, तो झिडकारून लावतो, आणि बाहेर आल्यावर ते चिडतात कुणावर, तर मोशेवर. वरून मार, खालून शिव्याशाप, आणि राग निघतो तो सुट्टी मागणाऱ्यावर. शाखा व्यवस्थापक, मुख्याध्यापक, वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, टीम लीड, सगळे या नायकांचे वंशज. त्यांच्यातल्या कुणी विटांच्या खोट्या नोंदी केल्या का, ते बायबल सांगत नाही. मला विचाराल तर केल्या असणार.

याच लोकांना पुढे शब्बाथाची आज्ञा मिळाली. ती बायबलात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं आहे. निर्गमात कारण सृष्टीचं आहे: देवानं सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ या पुस्तकात कारण वीटकामाचं आहे: तुम्ही मिसरात दास होता याची आठवण ठेवा, म्हणून तुमचा दास, दासी, बैल, गाढव आणि तुमच्या वेशीच्या आतला परका, सगळ्यांना थांबू द्या. पहिलं कारण प्रवचनांत बऱ्याचदा ऐकू येतं. दुसरं क्वचित. आमच्या सभांना तेच दुसरं लागू पडलं.

विसाव्याची आणि सचोटीची गाठ मी मारलेली नाही. ती आमोसानं ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात मारून ठेवली आहे. हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. त्याच्या आठव्या अध्यायात धान्याचे व्यापारी भेटतात. शब्बाथाला विक्री बंद ठेवावी लागते आणि ते चुळबुळत बसले आहेत: हा दिवस कधी संपतो आणि आपण कोठार कधी उघडतो! उघडल्यावर काय करायचं तेही ठरलेलं आहे. माप लहान, वजन जड, तराजू फसवा, आणि गव्हाबरोबर खालचं भुसकटही विकून मोकळं व्हायचं. आमोस हे सगळं एका दमात सांगतो, मधे थांबत नाही. बंद दुकानात ज्याला चैन पडत नाही, त्याच्या उघड्या दुकानात माप खोटंच निघतं.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीतही हे दोन शेजार सोडत नाहीत. प्रार्थनेची घंटा झाली की हातातलं काम असेल तिथे टाकून निघायचं. आणि मठातले कारागीर जे विकतील ते बाहेरच्या भावापेक्षा थोडं स्वस्तच विकायचं, त्यात लबाडी शिरू द्यायची नाही. माझ्या आजोबांनी बेनेडिक्टचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. पण देवळाची दुपारची घंटा झाली की वाडीत रहाट थांबायचा, रेडा उभा राहायचा आणि आजोबा डोक्यावरचं फडकं काढून पुटपुटायचे. भाजीची जुडी बांधताना आत पिवळं पान गेलं तर ओरडणारेही तेच. रहाट गेले, बऱ्याच वाड्याही गेल्या. घंटा अजून होते; विरार लोकलच्या डब्यात ती ऐकू येत नाही, इतकंच.

इथे आमच्या मंडळींचा एक गैरसमज दूर करतो. रविवारची सुट्टी ही ख्रिस्ती धर्मानं या देशाला दिलेली देणगी, असं एका सभेत कुणीतरी छाती फुगवून सांगितलं. मुंबईत साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरं, पण त्याच शहरात गिरण्यांचे भोंगे चालू असत. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला १० जून १८९० रोजी, आणि तो मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही कारण त्यांनी पुढे केलं होतं. पोप तेरावे लिओ यांचं ‘रेरुम नोवारुम’ हे कामगारांविषयीचं परिपत्रक, ज्यात वाजवी मजुरीची आणि रविवारच्या विश्रांतीची बाजू मांडली आहे, ते आलं मे १८९१मध्ये. खंडोबा जवळजवळ वर्षभर पुढे होता.

मोशेची पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका सासऱ्याची आहे. इथ्रो जावयाला भेटायला रानात येतो आणि पाहतो, तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, लोक रांगेत ताटकळतायत. सासरा स्पष्ट सांगतो, हे चांगलं नाही. तूही झिजशील आणि ही माणसंही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि कामं वाटून दे. कामं वाटून देण्याचा हा सल्ला सगळ्यांना माहीत असतो. पण इथ्रोनं त्या माणसांसाठी घातलेली अट कुणी वाचत नाही: ती देवाला भिणारी, विश्वासू आणि लाच न घेणारी हवीत. पुन्हा तेच, ताण हलका करायचा सल्ला आणि सचोटीची अट एकाच वाक्यात.

एलीयाचं प्रकरण पुस्तकात पाचवं आहे, तेव्हा इथे थोडक्यात. कर्मेलवर विजय मिळवून आलेला हा संदेष्टा ईजबेलीच्या धमकीनं पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो, खायला सांगतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो. थकून आलेल्या माणसाला आधी स्तोत्र वाचून दाखवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा.

आणि खुद्द प्रभू येशू. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमात सारं गाव दाराशी जमतं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो उठून एकांतात प्रार्थनेला निघून जातो. शिष्य शोधत येतात, सगळे तुमची वाट पाहतायत म्हणतात. तो म्हणतो, आपण दुसऱ्या गावांकडे जाऊ. म्हणजे त्या दिवशी कफर्णहूमात काही आजारी तसेच राहिले. रांग संपवून मगच उठायचं, हा आमचा नियम त्यानं पाळला नाही. हे वाक्य मी सभेत उच्चारलं तेव्हा ती परिचारिका चिडली. ‘त्याला दुसऱ्या गावी जाता येत होतं, अंकल. मला माझ्या वॉर्डातून कुठे जाता येतंय?’ याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. तिनं स्वतःच पुढे एक काढलं: न घेतलेल्या बीपीच्या जागी ती चार्टवर ‘घेतलं नाही’ असं लिहू लागली. रोज सोळा वेळा. दीड महिन्यानं त्या वॉर्डाला रात्रीची तिसरी सिस्टर मिळाली. प्रत्येक ठिकाणी असं होत नाही. अभियंत्यानं सही नाकारली, तर त्याची बदली झाली.

ऑफिसांत एक पाटी असते, ‘काम हीच पूजा’. माझ्या टेबलामागेही ती होती, आणि काही ख्रिस्ती लेखकांनी तिला बायबलचा आधार शोधून दिला आहे. मला ती पाटी आता आवडत नाही. काम चांगलं, पौलही तंबू शिवत होता. पण पूजेला सुट्टी नसते, आणि ज्या साहेबानं ती पाटी लावून घेतली त्याला नेमकं तेच हवं होतं.

आणखी एक गोष्ट पुरुष लेखक टाळतात. सचोटीचा हिशेब घरातली बाई भरते. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली, त्याआधीही हातातलं कुणालाही देऊन टाकायची त्यांची सवय होती. त्यांचं मोठेपण मला मान्य आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझं लक्ष त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या रिकाम्या डब्यांकडे जातं. माझी बढती हुकली तेव्हा मुलीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. बायकोनं दोन वर्षं शिकवण्या घेतल्या. प्रायश्चित्त मी केलं असं मी म्हणतो, तेव्हा ती काही बोलत नाही, नुसती बघते.

घरोघरी जेवण पोचवणाऱ्या एका मुलानं विचारलं होतं, ‘मला रविवारीच सर्वांत जास्त ऑर्डर असतात. मी काय करू?’ हे पुस्तक त्याच्यापुढे अपुरं आहे, मान्य. मात्र शब्बाथाची आज्ञा ज्याला दिली आहे तो दास नाही, दासाचा मालक आहे. ‘वेशीतला परका’ कोण, हे रविवारी रात्री अकराला बिर्याणी मागवणाऱ्यानं ठरवायचं आहे.

पुस्तकात अकरा प्रकरणं आहेत. एक प्रकरण साधारण नायगाव ते बोरिवली एवढ्या वेळात वाचून होतं, तसंच ते बेतलं आहे. शब्बाथाचं प्रकरण मात्र गाडीत वाचू नका.

ज्यांनी आपल्या गोष्टी सांगितल्या त्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. प्रत्येकाला मजकूर दाखवून परवानगी घेतली आहे. भाजीवाल्या मावशींच्या घरी मी स्वतः गेलो आणि त्यांचा भाग वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘लिही. पण पैसे किती होते ते नको लिहूस, सुना वाचतील.’ म्हणून वर दिलेला साठ हजारांचा आकडा खरा नाही. या पुस्तकात मी जाणूनबुजून लिहिलेला चुकीचा आकडा तेवढा एकच आहे.